उत्तरेकडच्या कुंपणाचा खर्च

डनिंगथॉर्पच्या पॅरिश कौन्सिलची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गावच्या हॉलमध्ये भरते. गावकऱ्यांसाठी सहा खुर्च्या मांडतात आणि त्यांतल्या पाच रिकाम्या राहतात. सहावीवर थेल्मा लार्टर बसते, मांडीवर विणकाम घेऊन. पन्नास वर्षे ती तिथे बसत आली आहे. सात सदस्य, एक चिटणीस आणि थेल्मा, एवढ्या माणसांत आमच्या गावाचा कारभार चालतो. तिने कधी प्रश्न विचारला नाही, तक्रार केली नाही. तिच्यादेखत तीन अध्यक्ष म्हातारे होऊन गेले, चौथ्याचे केस पिकले, पण तिच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही.

हा चौथा म्हणजे नेव्हिल थर्टल. डुकरांचा मोठा धंदा, आवाजही मोठा. सभेच्या सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायची संधी द्यावी लागते, म्हणून तो मान वर न करताच विचारायचा, "कोणाला काही बोलायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायचा. मार्चच्या सभेत त्याने पान उलटले आणि समोरून आवाज आला.

"मला बोलायचंय."

थेल्मा उभी राहिली होती. विणकाम खुर्चीवर ठेवून, कोटाची बटणे लावून. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण काठी नाही.

"नवव्या विषयाबद्दल," ती म्हणाली. "दफनभूमीच्या उत्तरेचं कुंपण उपटून तिथे मोटारींसाठी जागा करणार आहात. करा. पण खोदायच्या आधी मला एवढं सांगा, माझं मूल तिथे आहे का?"

नेव्हिलच्या हातातले पेन तसेच राहिले.

"त्रेसष्ट साली, अकरा फेब्रुवारीला," ती सांगत राहिली. "मुलगा होता. जन्मला तो श्वास न घेता. नर्सने टॉवेलात गुंडाळलं आणि नेलं. मला दाखवलं नाही. म्हणाली, चांगल्या जागी ठेवलंय, आता विसरून जा. एवढंच. नंतर कोणीतरी म्हणालं, लहानग्यांना कुंपणाखाली ठेवतात. खरंखोटं कोण जाणे. झालं माझं बोलून."

ती खाली बसली आणि तिने सुया हातात घेतल्या. विणत मात्र नव्हती.

कौन्सिलने रीतीप्रमाणे ठराव केला: चिटणीसांनी जुने दप्तर पाहून पुढच्या सभेत अहवाल द्यावा. नववा विषयही पुढच्या सभेवर गेला, पण त्यापुढे ढकलणे शक्य नव्हते. खर्चाचा निम्मा वाटा काउंटी, म्हणजे जिल्हा, देणार होती आणि तिथे एप्रिलअखेर ठराव पोहोचला नाही तर पैसे दुसऱ्या गावाला जाणार होते. म्हणजे चार आठवडे.

चिटणीस म्हणजे ब्रिजेट मॉब्स. आठवड्याचे सहा तास पगारी आणि बाकीचे फुकट, असा तो मामला. चार वर्षांपूर्वी तिने ही नोकरी धरली तेव्हा तिला वाटले होते, खेड्यातले कौन्सिल, काम ते काय असणार. दोन बाक, एक बसथांबा, अकरा दिवे, एक खेळाचे मैदान आणि एक दफनभूमी. वर्षाचे अंदाजपत्रक तेवीस हजार पौंडांचे. पण गवत कापण्याच्या एका बिलाला तीन दरपत्रके, दोन सह्या आणि एक ठराव लागतो, आणि कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावर सात शहाणी माणसे चाळीस मिनिटे भांडतात, हे तिला आत शिरल्यावर कळले. दप्तर तिच्याच घरी होते, मागच्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांत. नवऱ्याची सायकल त्या कपाटांमुळे सात वर्षे पावसात उभी होती असे तो म्हणायचा, हिशोब चुकीचा असला तरी.

तिने आधी दफनाचे रजिस्टर काढले. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत एकच नाव होते, एक शहाण्णव वर्षांचा गृहस्थ. मग इतिवृत्ताच्या वह्या चाळता चाळता १९४९ सालचा एक ठराव सापडला. त्यात लिहिले होते, ज्यांनी श्वास घेतला नाही अशांसाठी जागा नाही, फी नाही, नोंद नाही. एका ओळीचा ठराव, त्याच्यावर चर्चासुद्धा झालेली नव्हती. त्याच सभेत पुढे बँडवाल्यांच्या खुर्च्यांवर दीड पान खर्ची पडले होते. ब्रिजेटला एवढा राग आला की तिने वही मिटून ठेवली आणि अंगणात जाऊन आली.

नोंद नाही म्हटल्यावर शोधायचे कुठे? दुसरे कोणी असते तर तिथेच थांबले असते. पण कौन्सिलच्या चिटणीसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खड्डा कोणीतरी खणलेला असतो आणि खणणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. तिने रोकडवह्या काढल्या.

त्या काळचा चिटणीस होता क्लेमेंट यॅक्सली. १९५१ पासून १९६८ पर्यंत. दिवसा बियाणांच्या व्यापाऱ्याकडे कारकून, संध्याकाळी कौन्सिलचा चिटणीस, वर्षाला वीस पौंड मानधन. लग्न केले नाही, बहिणीकडे राहायचा. अक्षर असे की छापल्यासारखे. सतरा वर्षांच्या वह्यांत खाडाखोड म्हणून नाही. टपालाच्या तिकिटाचे तीन पेन्स, दिव्याच्या काचेचा एक शिलिंग, मैदानातल्या झोक्याला तेल लावले त्याचे चार पेन्स. ब्रिजेट स्वतः हिशोब लिहिणारी; दुसऱ्याच्या हिशोबातला निष्काळजीपणा तिला दुरून वास येऊन कळतो. इथे वास नव्हता. ती पाने उलटत गेली आणि तिच्या मनात त्या माणसाबद्दल आदर वाढत गेला.

आणि तरीही सरकारी ऑडिटरने या माणसावर वारंवार आक्षेप घेतलेला.

पहिला आक्षेप १९५२ चा. रोकडवहीत नोंद होती: 'ए. पास्क, कुंपण, उत्तर बाजू, फाटकापासून ३ पावले. ५ शि.' त्याच्यासमोर ऑडिटरची लाल शाई: 'कुंपण छाटण्याचे काम ठेक्याने दिले असून त्याचे पैसे सप्टेंबरमध्ये चुकते झाले आहेत. हा वेगळा खर्च कशासाठी? अमान्य. चिटणीसाकडून वसूल करावा.' खाली यॅक्सलीचे खुलाशाचे वाक्य: 'चिटणीस दिलगीर आहे. रक्कम भरली.' आणि खरोखर, पुढच्या पानावर पाच शिलिंग जमा, क्लेमेंट यॅक्सली यांजकडून.

चूक कोणाचीही होते. पण १९५३ मध्ये पुन्हा तेच. 'फाटकापासून ५ पावले.' आक्षेप, वसुली, दिलगिरी. ५४ मध्ये दोनदा. मग एक वर्ष काही नाही, मग पुन्हा. सतरा वर्षांत चौदा वेळा त्याने तीच चूक केली, चौदाही वेळा लाल शाई खाल्ली आणि चौदाही वेळा आपल्या खिशातून पैसे भरले. झोक्याच्या तेलाचे चार पेन्स न विसरणारा माणूस!

ब्रिजेटने नेव्हिलला फोन केला. नेव्हिलचा बाप त्या वेळी गावात होता.

"कोण, यॅक्सली? कुंपणवाला?" नेव्हिल खदखदून हसला. "अहो, तो तर गावाचा तमाशा होता. कुंपण पावलांवर छाटायचा. माझा बाप त्याला रस्त्यात गाठून विचारायचा, काय साहेब, आज किती पावलं झाली? टोपी काढायचा आणि निघून जायचा बिचारा. तो आणि पास्क मिळून दारूचे पैसे काढतात असं सगळे म्हणायचे."

"पैसे काढत होते म्हणता, पण ते तर तो स्वतःच भरत होता."

"पकडला गेल्यावर कोण भरत नाही?"

"चौदा वेळा पकडला गेल्यावर?"

"मूर्खच असणार मग. तुम्ही त्या म्हातारीचं बघा हो, कुंपणाचं कशाला घेऊन बसलाय?"

ब्रिजेटने फोन ठेवला. पास्क कोण हे मात्र तिने विचारून घेतले होते. एफ्रम पास्क कबरी खणायचा. कुंपण छाटणारा माणूस दुसराच होता.

तिने १९६३ ची वही उघडली. त्या हिवाळ्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. नाताळानंतर पडलेला बर्फ मार्चपर्यंत हलला नव्हता, तळ्यावरून लोक सायकलने ये-जा करत होते, जमिनीत कुदळ घातली तर ठिणगी उडायची. आणि १३ फेब्रुवारीला, यॅक्सलीच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात:

'ए. पास्क, कुंपण, उत्तर बाजू, फाटकापासून १९ पावले. जमिनीसाठी विस्तव. १० शि.'

बाजूला ऑडिटरने लाल शाईत तारीख-पावलांसकट सगळे उतरवून विचारलेले: 'कुंपणाच्या कामाला विस्तव कशासाठी?' आणि उत्तर तेच. चिटणीस दिलगीर आहे. रक्कम भरली.

ब्रिजेट कपाटाला टेकून जमिनीवरच बसली. कुंपणाला विस्तव लागत नाही. भर फेब्रुवारीत कोणी कुंपण छाटत नाही. विस्तव लागतो गोठलेली जमीन मऊ करायला. दोन माणसे त्या मरणाच्या थंडीत कुंपणाशी बसली असतील, लाकडे जाळत, माती जरा सैल व्हायची वाट बघत. त्यांतल्या एकाने दहा शिलिंग घेतले, दुसऱ्याने दिले आणि घरी येऊन वहीत लिहिले. ती पुन्हा पहिल्या नोंदीपासून सगळ्या चौदा बघत आली. तीन पावले, पाच, सात, आठ, दहा... एकही आकडा दोनदा आलेला नव्हता.

पण एक गोष्ट तिला उमगत नव्हती. पैसे स्वतःच भरायचे होते तर भरावेत ना गुपचूप, पास्कच्या हातावर ठेवावेत. वहीत लिहून, आक्षेप ओढवून घेऊन, गावाचे हसे सोसून काय मिळवले त्याने? उत्तर पत्रव्यवहाराच्या फायलीत होते, १९५९ च्या. ऑडिटरही माणूसच होता. वैतागून त्याने खाजगी पत्र लिहिले होते. 'श्री. यॅक्सली, त्या माणसाला पैसे द्यायचेच असतील तर आपल्या खिशातून द्या आणि आपणा दोघांचा त्रास वाचवा.' त्याला पिनेने जोडलेली यॅक्सलीच्या उत्तराची कार्बन प्रत होती.

'महोदय, माझ्याच खिशातून देतो, हे आपण जाणताच. रजिस्टरमध्ये यांना जागा नाही. मी घरी वही ठेवली तर ती माझ्यामागे जाळली जाईल. कौन्सिलची रोकडवही जाळता येत नाही आणि आपला अहवालही नाही. नोंद केली नाही तर हे घडलेच नाही असे होईल. आपण आक्षेप घेत राहावे ही विनंती. कृपा करून पावले पूर्ण उतरवून घ्यावीत.'

ऑडिटरचे उत्तर फायलीत नव्हते. पण ब्रिजेटने पुढची वर्षे काढून पाहिली. १९५९ पर्यंतच्या आक्षेपांत नुसता कुंपणाचा खर्च असायचा, पावले नसायची. १९६० पासून लाल शाईने दरवेळी सगळे पूर्ण उतरवून घेतले होते: तारीख, बाजू, पावले. आणि खाली तीच शिक्षा, अमान्य, वसूल करावे. त्या अनोळखी, कोरड्या सरकारी माणसाने काही न बोलता अर्धा भार उचलला होता. ब्रिजेटला रडू आले. हिशोबाच्या वहीवर तिचे डोळे पहिल्यांदाच भरून आले, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दफनभूमीत गेली. फाटकाच्या खांबाला पाठ लावून तिने कुंपणाच्या कडेने पावले टाकली, एकोणीस झाल्यावर थांबली आणि मग तिच्या लक्षात आले की ही तिची पावले आहेत. यॅक्सलीची किती लांब होती कोणाला माहीत? पावलाच्या तीन-चार इंचांच्या फरकाने एकोणिसाव्या पावलाला पाच-सहा फुटांचा घोटाळा होतो, आणि इथे शेजारी शेजारी चौदाजण होते. एखाद्या आईला दुसरीच्या मुलापाशी उभे करायचे?

पुन्हा वह्या. तिची खात्री होती की पावलांनी मोजणारा माणूस सगळेच पावलांनी मोजत असणार. आणि तसेच निघाले. १९५८: 'दफनभूमीत नवा नळ, उत्तर कुंपणालगत, फाटकापासून १२ पावले.' तो नळ अजून तिथेच आहे, गळतो, दर वर्षी दुरुस्तीला निघतो. नेव्हिल मोजपट्टी घेऊन आला. यायला कुरकुरला, पण आला.

"धरा ते टोक," ब्रिजेट म्हणाली.

"हे मोजायला मला बोलावलंत? डुकरीण व्यायलीये माझी."

"धरा हो."

फाटक ते नळ बरोबर सव्वीस फूट भरले. बारा पावलांना सव्वीस फूट, म्हणजे पावलाला सव्वीस इंच. ठेंगणा, आखूड पावलांचा माणूस. ब्रिजेटने तिथेच कागदावर गुणाकार केला, बेचाळीस फुटांना दहा इंच कमी आले. मग तिने नेव्हिलच्या हातात कार्बन प्रतीची नक्कल दिली. त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हते, म्हणून तिने वाचून दाखवली.

तो कुंपणाकडे बघत राहिला. कुंपणाच्या काटेरी हॉथॉर्नच्या झुडपांना नुकती हिरवी टोके फुटली होती.

"माझा बाप रस्त्यात अडवायचा त्याला," तो शेवटी म्हणाला. "मी असायचो बरोबर. मीसुद्धा हसायचो." मग तो खाकरला. "तो नववा विषय. मीच मांडला होता, मीच मागे घेतो. मोटारी लावा म्हणावं रस्त्यावर, नाहीतर या पायी."

"काउंटीचे पैसे जातील."

"जाऊ देत! खड्ड्यात—" एवढे म्हणून त्याने जीभ चावली आणि टोपी काढून हातात घेतली.

सभेला अजून आठवडा होता. ब्रिजेटने अहवाल लिहायला घेतला आणि यॅक्सलीने नोकरी कधी सोडली त्याची तारीख हवी म्हणून १९६८ चे इतिवृत्त उघडले. एप्रिलमधली गावाची वार्षिक सभा. त्या सभेत गावातल्या कोणालाही मत देता येते. पान यॅक्सलीच्याच अक्षरात होते.

'कुंपणाच्या खर्चावर सतत येणारे आक्षेप पाहता चिटणीसावर या गावाचा विश्वास राहिलेला नाही, असा ठराव मांडण्यात आला. सूचक, श्री. रॉन लार्टर. चिटणीसाला काही सांगायचे आहे का, असे अध्यक्षांनी विचारले. चिटणीस म्हणाला, ऑडिटरचे म्हणणे बरोबर आहे. बाजूने अडतीस, विरुद्ध सहा. ठराव मंजूर.'

स्वतःवरचा अविश्वास त्याने स्वतःच लिहून घेतला होता. अक्षर जराही हललेले नव्हते, समास सुटलेला नव्हता, अडतीसच्या आकड्याखाली नेहमीसारखी दोन रेघा मारून बेरीज तपासल्याची खूण होती. दुसऱ्या दिवशी त्याने किल्ल्या दिल्या आणि बहिणीबरोबर विस्बीचला निघून गेला. पुन्हा गावात आला नाही.

आणि सूचक, रॉन लार्टर. थेल्माचा नवरा. एकोणिसाव्या पावलावरच्या मुलाचा बाप.

आता काय करावे हे ब्रिजेटला कळेना. रॉन जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्याला काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. मूल नर्सने नेले, पुढे कोणी विचारायचे नाही, सांगायचे नाही. म्हातारीला पोराची जागा दाखवावी आणि हे पान मिटून ठेवावे, असे तिच्या मनात दहा वेळा आले. एका वाक्यात यॅक्सली स्वतःला वाचवू शकला असता. रॉन, तुझाच पोरगा आहे तिथे, एवढे म्हणायचा अवकाश. तो म्हणाला नाही. भरल्या सभेत एका आईबापाचे दुःख उघडे करण्यापेक्षा त्याने आपली अब्रू दिली. आणि हे सगळे पाहून आपण ते मिटून ठेवायचे? दप्तर मिटून ठेवण्यासाठी नसते, एवढे तर तिला त्यानेच शिकवले होते.

रविवारी दुपारी ती थेल्माला घेऊन दफनभूमीत गेली. वही पिशवीत होती. तिने मोजपट्टी फाटकाला अडकवली आणि दोघी कुंपणाच्या कडेने चालत गेल्या. नळ मागे पडला. मोजपट्टीवर एक्केचाळीस फूट दोन इंच आले तिथे ब्रिजेट थांबली.

"इथे," ती म्हणाली.

थेल्माने खाली पाहिले. गवतच होते, इतर ठिकाणच्यासारखेच. ती एका हाताने कुंपणाची फांदी धरून हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिने जमिनीवर सपाट ठेवला.

"थंडी किती होती गं तेव्हा," ती म्हणाली. "मला तीच काळजी होती. वेडेपणाच म्हण. टॉवेल पातळ होता."

"त्यांनी इथे विस्तव केला होता मिसेस लार्टर. जमीन ऊब धरेपर्यंत."

"विस्तव?" म्हातारीने मान वर केली. "खरंच?"

"वहीत आहे. नेहमीच्या पाच शिलिंगांऐवजी दहा दिलेत, विस्तवासाठी."

थेल्मा पुन्हा खाली बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग तिने विचारले, "कोणी लिहिलं हे?"

ब्रिजेटने सांगितले. सगळे सांगितले, चौदा नोंदी, लाल शाई, ते पत्र. अडतीस विरुद्ध सहापाशी आल्यावर तिने वही काढायला पिशवी उघडली. थेल्मानेच हात वर करून तिला थांबवले.

"ते मला सांगू नकोस. मी होते तिथे." तिने डोळे पुसले नाहीत. "पन्नास वर्षं त्या खुर्चीवर का बसले ठाऊक आहे? तिथे सगळं निघतं. नाले निघतात, दिवे निघतात, कुत्र्यांची घाण निघते. वाटायचं, एखाद दिवशी हेही निघेल. कोणीतरी बोलेल. आणि ज्याला बोलता आलं असतं त्याला आम्हीच घालवलं होतं. रॉनने ठराव मांडला आणि मी हात वर केला."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"नव्हतं. मला नव्हतं." तिचा पंजा गवतावर तसाच होता. "तो पेन्सिलने एकेक हात मोजत आला, ओळीने. माझ्यापाशी आल्यावर थांबला. माझ्याकडे बघितलं त्याने. मला वाटलं, चोर आहे, शरमला असेल. माझं पोर कुठे निजलंय हे त्या अख्ख्या हॉलमध्ये त्या एका माणसाला ठाऊक होतं, ब्रिजेट. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात मोजला."